गोलकीपरसाठी वेगळा कप

ता. ३ फेब्रु., गुरुवार. लातूर
दुकान धाकट्यावर टाकून मैदानावर. नवा जिल्हा झाल्यावरची पहिली हॉकी स्पर्धा, आम्ही कमिटीवर. कप आमच्याच भांड्यांच्या दुकानातले. मैदानावर पाणी मारायचं नाही, टँकर वस्त्यांना. बरोबरच आहे. पण चेंडू खड्यावर आपटून कुठं उडेल, नेम नाही.
नांदेडचा कीपर बलवंतसिंग. सामनाभर तोंड बंद नाही. "डावीकडं ये! घुसू देऊ नको! मागं, मागं!" त्याच्या बोंबलण्यावर बॅकची पोरं पळतात. चेंडू त्याच्यापर्यंत येतच नाही. नांदेड आरामात जिंकलं.

ता. ४, शुक्र.
सकाळी बलवंत दुकानात. विष्णुपुरी धरणावर रोजंदारीला आहे. पोलिसांच्या संघात भरती निघालीय; हॉकी खेळायची, पगार घ्यायचा. म्हणाला, "आप्पा, टीमची सर्टिफिकिटं लई हायेत. ते विचारून राहिले, तुझ्या एकट्याच्या नावाचं काय हाय? गोल मारणाऱ्याला कप. बेस्ट प्लेयर, तोबी गोल मारणाराच. आमाला काय?"
खरं आहे.
संध्याकाळी कमिटीत विषय काढला. उत्कृष्ट गोलकीपर, नवं बक्षीस, कप माझा. सेक्रेटरी पाटील सर (रिटायर पी.टी. मास्तर) अडून बसले. "आप्पा, अकरा जणांचा खेळ हाय. गोलाचं बक्षीस काढलं तवापासून पोरं पास देईनात."
मी म्हटलं, "कीपर कुणाचा पास खाणार हो?"
सगळे हसले. मंजूर.

ता. ५, शनि.
सेमीफायनल. नवं बक्षीस स्पीकरवरून जाहीर. बलवंतनं सात वेळा गोल वाचवला. पब्लिक उभं. नांदेड १-०. सरांनी माझी पाठ थोपटली.
कानाला मात्र काहीतरी कमी वाटत होतं. हाफनंतर ध्यानात आलं. बलवंत ओरडत नव्हता. एकदाही नाही. उजवा बॅक मागं वळून वळून बघायचा. चेंडू सरळ गोलावर येत होते, आणि हा अडवत होता. काय अडवत होता!
जेवण गेलं नाही. सौ. म्हणे, "अहो, जिंकले का हरले तुमचे?"

ता. ६, रवि.
सकाळी धर्मशाळेत गाठला. मांड्या काळ्यानिळ्या.
"काल गप का होतास रे?"
खाली बघून हसला. "आप्पा, ओरडल्यालं कोण लिहून घेतंय?"
बक्षीस मीच काढलेलं.
सर दुपारी घरी येऊन गेले. कीपरच्या सर्टिफिकिटावर नावाची जागा कोरी. "तुमचं बक्षीस, तुमीच सांगा. बलवंतच ना?" म्हटलं, फायनल होऊ द्या. आज ओरडला तर चेंडू येणार नाहीत. मग कमिटीला काय दाखवू? नाही ओरडला तर...
चारला सामना. त्याचं ओरडणं नीट ऐकू यावं म्हणून खुर्ची त्याच्या गोलामागं टाकायला सांगितली आहे. हाफनंतर बाजू बदलल्या की खुर्ची पण तिकडं.