नव्वदच्या अलीकडे

२ फेब्रुवारी, सकाळी सात
वजन ९४. गेल्या महिन्यातही ९४. वजन उतरवायला पोट लहान करायचं ऑपरेशन केलं तेव्हा १२६ होतो, म्हणजे कर्तबगारी काही कमी नाही. नव्वद झालं की सर्जन माझी एक किडनी ताईला द्यायला परवानगी देणार. ताई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते, आणि घरात फक्त माझीच तिला जुळते. चार किलोंचा तर प्रश्न. आजपासून कडक.

५ फेब्रुवारी
आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, ऑपरेशननंतर वजन मध्येच असं अडतं, धीर सोडायचा नाही. आधी प्रोटीन, मग भाजी, भरपूर पाणी, रोज चालणं, वेळेवर झोप. तसा कागदच दिला. त्याची एक प्रत ताईकडे ठेवून आलो, ती काळजी करते म्हणून. पातळ गोड पदार्थांचं काय, असं सहज विचारलं. बाई म्हणाल्या, ते छोट्या पोटात थांबतच नाहीत, सरळ खाली जातात. आता जे थांबतच नाही ते साठणार कसं? हे बाईंच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
ताईने कस्टर्ड केलं होतं. तिला स्वतःला दिवसाचं पाणीसुद्धा मोजून, आणि माझ्यापुढे भरलेला वाडगा. नको म्हणालो. घे रे, एवढ्याने काय होतंय, म्हणाली. थकलेली बाई गॅससमोर उभी राहून करते, तिचं मन कसं मोडायचं? एक वाडगा, तासाभराने दुसरा. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. निघताना डबाही दिला.
ताईंना तुमचं पथ्य माहीत नाही का, असं बायकोने विचारलं. म्हटलं, ती भोळी आहे, कागद वाचला नसेल.

१२ फेब्रुवारी
ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवताना कटकट. रिटायर झाल्यावर गाडी शिकायला आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, चढावर गाडी पुढे जात नाही, तुमचा पाय ब्रेकवर आहे. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मी म्हटलं, बाई, तुम्ही क्लच नीट सोडा. मग खाली पाहिलं तर पाय होता. सावधपणा, दुसरं काय.
चालणं उद्यापासून.

२० फेब्रुवारी
९४. काट्याचे सेल बदलले. ९४. काटा बाथरूममधून हॉलमध्ये आणला. ९४.३. परत नेला.
सर्जनना भेटलो. ताईचं हृदय थकत चाललंय, मार्चअखेरपर्यंत झालं तर झालं, पुढचं सांगता येत नाही, म्हणाले. मी म्हटलं, काळजीच करू नका. मग पार्किंगमध्ये बराच वेळ गाडीत बसून राहिलो. पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी डोक्यावर होता तो दिवा आठवला. आकडे मोजायला सांगणारा मास्कमधला माणूस आठवला. पण तो विषय वेगळा. मी घाबरणाऱ्यातला नाही.
येताना मिल्कशेक घेतला. दुधात प्रोटीन असतं.

१ मार्च, रविवार
कस्टर्ड. दाजींनी वजन विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ताईच म्हणाली, उतरतंय त्याचं, मागे लागू नका. दाजी उठून गॅलरीत गेले. आपल्या बायकोच्या आजारपणाने बिचारे चिडचिडे झालेत.

१६ मार्च
९४. बायकोने विचारलं, खरं सांगा, तुम्हाला किडनी द्यायची आहे ना? दिवसभर तिच्याशी बोललो नाही. ज्याने पोट कापून घेतलं त्याला असं विचारतात? डोकं शांत करायला आइस्क्रीम खाल्लं. ते तिच्या खात्यावर.

३० मार्च
ताईचे रिपोर्ट आले. आता कुणाचीही किडनी मिळाली तरी तिचं हृदय ऑपरेशन सोसणार नाही. डायलिसिसवर चालेल तेवढं चालेल. मी सर्जनना म्हटलं, मला पंधरा दिवस द्या, नव्वद करून दाखवतो. ते म्हणाले, आता तो प्रश्न उरला नाही.
बाहेर आलो आणि एकदम सुटल्यासारखं वाटलं. मग तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की जिन्यातच बसून रडलो.

५ एप्रिल, रविवार
ताईकडे कस्टर्ड नव्हतं. ताटलीत एक उकडलेलं अंडं, वाफवलेल्या शेंगा, शेजारी पाण्याची बाटली. म्हणाली, आधी अंडं खा, मग शेंगा. थेट आहारतज्ज्ञ बाईंच्या कागदावरचा क्रम.
मी ताटलीकडे बघतच राहिलो. ती म्हणाली, आता उतरव वजन, तुझ्या स्वतःसाठी. मग हसून म्हणाली, लहानपणी इंजेक्शन द्यायला डॉक्टर आले की तू पलंगाखाली शिरायचास, आणि तो घरात नाही असं त्यांना मीच सांगायचे, आठवतं का? दाजी स्वयंपाकघरात उगाचच नळ सोडून उभे होते.
मला म्हणायचं होतं, ताई, मी दिली असती गं. तिने मिठाची डबी पुढे सरकवली. मी खाली मान घालून सगळं खाल्लं.

४ मे, सकाळी सात
वजन ८९.६. काटा पुन्हा हॉलमध्ये नेऊन पाहिला. तेवढंच.
ताईला डायलिसिसला सोडायला निघायचंय. तिने विचारलं तर चौऱ्याण्णव सांगणार आहे.