आरशातले एक्कावन्न व्होल्ट

१४ ऑक्टोबर, तुमसर

ही वही पोळ्याला घेतली, दिवाळी आली तरी कोरीच! आज लिहितो, उद्या लिहितो — मध्ये काहीतरी निघतंच.

गोपीचंदभाऊंच्या माईकच्या दुकानात अजून टिकून आहे, हेच नवल. पण आज पुन्हा तेच. दोन्ही हातांत व्होल्ट मोजायच्या मीटरच्या पिना, मीटर भलतीकडे पडलेला. आकडा पाहायला मान वळवली, पीन घसरली — चट्ट! ॲम्प्लिफायर गेला. भाऊ ओरडले नाहीत. "दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा मिक्सर तुले दुरुस्तीले देऊन राहिलो. हा जळला त सरळ घरी जाय."

घरी! माझं गाव आंबागड इथून हाकेवर. पण घरच्यांना वाटतं मी पुण्यात कंपनीत आहे. तिथून कधीचाच पळालो!

१६ ऑक्टोबर

डोकं चाललं! मीटरचं स्टँड तुटलेलं, म्हणून तो मिक्सरच्या पेटीला पलीकडून टेकवला, तोंड भिंतीकडे. भिंतीवर दाढीचा आरसा. पिना खाली, आकडा समोर, मान सरळ!

पहिल्याच मापाला एक्कावन्न व्होल्ट. पाहिजेत बारा! मिक्सर गेला म्हणून बोंबललो. भाऊ जेवण सोडून आले. आरसा पाहिला, मीटर पाहिला, आणि हसत खालीच बसले. आरशात आकडे उलटे — मीटरवरच्या डिजिटल दोनाचा पाच दिसतो, आणि तोच आधी येतो. बाराचे एक्कावन्न मीच केले होते!

दिवसभर भाऊंची बायको, रितावहिनी, मला हाक मारून राहिल्या — "ए एक्कावन्न, चहा घे." भाऊ म्हणाले, जा, धड मीटर आण.

१८ ऑक्टोबर

मीटर आणायला गेलो. रस्त्यात आकाशपाळणा ट्रकवर चढवत होते, हात लावला. मीटर राहिला!

१९ ऑक्टोबर

आणला! कैलाशच्या दुकानात सगळे मांडून घेतले. प्रत्येकाच्या पिना धरायच्या, मान खाली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आकडा दिसतो का पाहायचं. एकात बटणं छप्पन, आकडे मुंगीएवढे. काट्याचा मीटर देखणा, पण तिरका पाहिला की वेगळंच सांगतो. कैलाश म्हणे, "मीटर घ्याले आला का मान दाखवाले?"

शेवटी सापडला. अंगठ्याएवढे आकडे, मागून उजेड, पाठीला चुंबक — डोळ्यासमोर चिकटवा! आकडा धरून ठेवायचं बटणही आहे. रात्री उशाशी घेऊन झोपणार.

२६ ऑक्टोबर, आंधळगाव

मंडई! स्टेजच्या लोखंडी खांबाला मीटर चिकटवला, मिक्सर उघडला. पीन घसरली नाही. भाऊंनी विचारलं, "किती?" बारा! खरेखुरे बारा!

भाऊंनी माईक माझ्याच हाती दिला. मग काय — हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग! सोडवेचना. सगळ्या मंडईत माझाच आवाज!

तोच दिवस, थोड्या वेळानं

आई आली. मावशीसोबत मंडई पाहायला आली होती. भोंग्यातला आवाज ओळखून गर्दीतून सरळ स्टेजमागे.

"काहून रे, पुण्याची कंपनी आंधळगावले आली का?"

मी माईक पाठीमागे लपवला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खांबावरच्या मीटरकडे. आकडा धरूनच ठेवलेला.

"बारा," म्हणाली. डोळ्यांवर चष्मासुद्धा नव्हता तिच्या, तरी लांबूनच वाचला!