लंबगोलासाठी पन्नास माणसं

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ९.४०

नवा सीझन, नवी वही. संकल्प तीन. एक, यंदा स्टॉक कारची एकही रेस चुकवायची नाही. दोन, चहा दिवसाला दोनच. तीन, दिपकशी ट्रॅकवरून वाद घालायचा नाही.

वही चोरीला गेली तर पोलिसांना सोपं जावं म्हणून लिहून ठेवतो : मी नविन, डहाणूत कचेरीसमोर झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान. दिपक, अच्छाडला हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान. डहाणू आणि तलासरी मिळून अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसचे फॅन आम्ही दोघंच. मी लंबगोल ट्रॅकवाला, जिथे गाड्या फक्त डावीकडे वळतात. तो डावी-उजवी वळणं असलेल्या रोड कोर्सवाला, म्हणजे चुकीचा.

रेस आपल्याकडे मध्यरात्रीनंतर होते. मी सोमवारी सकाळी मशीनच्या मागे बसून मोबाईलवर बघतो. तोवर निकाल कानावर पडू नये म्हणून कोणाशी बोलत नाही. आज सातबाराची झेरॉक्स काढायला आलेली दोन माणसं आपसात 'कळलं का, कळलं का' करत होती. मी दोन्ही कानांत बोटं घातली. नंतर समजलं, कोणा साहेबाची बदली झाली होती. सावध राहिलेलं बरं.

दुपारी ४.१५

दिपकशी वाद झाला. सत्तेचाळीस मिनिटं. सुरुवात त्याची. मी फक्त एवढंच म्हणालो की लंबगोल हीच खरी रेस, बाकी सगळं ड्रायव्हिंग स्कूल. तो म्हणाला, बरं. त्या 'बरं'चा सूर मला खटकला.

चहा : पाच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रेक्षकांचा घोळ आहे. कॅमेरा वरच्या स्टँडकडे जातच नाही. एकदाच चुकून गेला आणि लगेच परत आला. तिथे खुर्च्या रिकाम्या असणार. आणि टीव्हीवर किती लोकांनी पाहिलं हे जे छापतात ते मोजतं कोण? मी तर मोबाईलवर बघतो, मला कोणी धरलंय का त्यात?

दिपकला फोन. तो म्हणाला, लंबगोलाला आता माणसं येत नाहीत म्हणे. कुठे वाचलंस, असं दरडावून विचारलं. म्हणाला, तूच मागच्या आठवड्यात बोललास. माझेच मुद्दे माझ्यावर उलटवतो! कोण शिकवतं याला?

शेवटची लॅप कशी वाटली विचारलं तर म्हणाला, बॅटरी डाऊन आहे, ठेवतो. मागच्या सोमवारीही शेवटच्या लॅपपाशीच त्याची बॅटरी गेली होती. काहीतरी लपवतोय.

३ मार्च, सोमवार

काल रोड कोर्स होता. मी निषेध म्हणून अर्धाच बघितला. डावी-उजवी वळणंच बघायची असतील तर माणसाने एसटीत बसून जव्हारला जावं.

दिपकला आज स्पष्ट सांगितलं की तुझी बाजू खोटी आहे. तो कोणत्या तरी ट्रकचा टायर खोलत होता, धापा टाकत बोलत होता. म्हणाला, अरे बाबा, ते घाण्याच्या बैलासारखं गोल गोल बघायला डहाणूत पन्नास माणसं बसवून दाखव. बसली तर मी यापुढे रोड कोर्सचं नाव काढणार नाही. नाही बसली तर तू लंबगोलाचं नाव काढायचं नाहीस. दोन्ही बाजूंनी विषय बंद.

मी तात्काळ होकार दिला. तोही फार पटकन तयार झाला. इतका पटकन का? डाव आहे.

तारीख ठरली : रविवार, २३ मार्च. पुढे पाडवा, मग महालक्ष्मीची जत्रा. जत्रेशी गर्दीच्या बाबतीत टक्कर नको, निदान पहिल्या वर्षी.

५ मार्च, बुधवार

हँडबिल काढलं. 'स्टॉक कार क्लब, डहाणू-तलासरी. संपर्क : नविन.' शंभर प्रती. संध्याकाळपर्यंत नऊ फोन! नऊही जणांनी वापीला जायचं भाडं विचारलं. एकाने सात सीटर आहे का म्हणून विचारलं, एकीला लग्नासाठी सजवलेली हवी होती. दिपकनेच माणसं लावली असणार.

६ मार्च, गुरुवार

उपाय सापडला. गोंधळ सगळा 'कार' या शब्दाचा. काढून टाकला. नवीन हँडबिल : 'स्टॉक फॅन क्लब, डहाणू-तलासरी. स्टॉकची आवड आहे? जरूर या. मोठ्या पडद्यावर प्रात्यक्षिक आणि मोफत मार्गदर्शन. चहा मिळेल.' व्हॉट्सॲप ग्रुपचा नंबर खाली.

आता कसं सुटसुटीत झालं.

८ मार्च, शनिवार

ग्रुपवर एकतीस!! दोन दिवसांत!! इतकी वर्षं ही माणसं होती कुठे? नक्कीच दिपकला घाबरून गप्प असतील.

त्यात शाळेतले सुनिल मास्तर आहेत, आणखी दोन शिक्षक आहेत, पतपेढीचे कॅशियर आहेत. सगळी शिकलेली माणसं. लंबगोलाकडे शिकलेला माणूसच वळतो.

१० मार्च, सोमवार

प्रश्नांचा दर्जा बघून थक्क झालो. सुनिल मास्तरांनी विचारलं, सर, लाँग चांगलं की शॉर्ट. म्हणजे ट्रॅकची लांबी. मी सविस्तर लिहिलं : लाँगमध्ये संयम लागतो, पण खरी ताकद तिथेच कळते. शॉर्टमध्ये धक्काबुक्की फार, मजा येते, पण नुकसानही तितकंच. अठरा जणांनी नमस्कार पाठवले.

कॅशियरनी विचारलं, स्टॉप लॉस कुठे लावता. मी लिहिलं, स्टॉप केलं की लॉस होणारच. मी म्हणतो शक्यतो थांबूच नका. यावर कॅशियरनी तीन प्रश्नचिन्हं पाठवली. विचार करत असतील.

एकाने विचारलं, आज काय घ्यायचं. मी लिहिलं, नेहमी लेफ्ट घ्यायचं.

दक्षाने सगळं वाचलं. (बायको. माहेर गुजरातेतल्या उंबरगावचं. परवानगी न घेता माझा फोन बघते.) म्हणाली, अहो, ही शेअर बाजारवाली माणसं आहेत, यांना तुमच्या गाड्या माहीत पण नाहीत. मी हसलो. मग ती गुजरातीत काहीतरी म्हणाली. रागावली की ती गुजरातीत बोलते आणि मला गुजराती येत नाही असं मी धरून चालतो.

तिच्या फोनवर दिपकच्या बायकोचा मिस्ड कॉल दिसला. म्हणजे धागा कुठपर्यंत पोचलाय बघा.

१६ मार्च, रविवार

ग्रुप : अठ्ठावन्न. सरावलीतला समाजाचा हॉल ठरवला. प्रोजेक्टर क्लासवाल्यांचा. पडद्याला दक्षाची पांढरी चादर. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मिळाली नसती.

दिपकला आकडा कळवला. म्हणाला, वा, मस्त. आणि परत म्हणाला, नक्की पन्नास होतील ना रे, बघ हां. जणू त्यालाच काळजी! या माणसाचा चेहरा फोनवरसुद्धा विश्वासार्ह वाटत नाही.

२३ मार्च, रविवार. दुपारी ३.००

जिंकलो.

सकाळी अकराला सेव्ह केलेली जुनी रेस सुरू. मी दाराशी उभा राहून स्वतः मोजत होतो. वीस, तीस, चाळीस. सुनिल मास्तर पुढच्या रांगेत वही घेऊन. जवळजवळ सगळ्यांकडे वह्या! रेसला वह्या घेऊन येणारा प्रेक्षक अमेरिकेत तरी असेल का? बेचाळीसवर गाडी अडली. साडेअकरा वाजले तरी बेचाळीस. बुधीबाई (माझ्या दुकानासमोर भाजी विकते) चहाचं ऐकून आली, त्रेचाळीस. मी रस्त्यावर जाऊन दोन्हीकडे बघून आलो. हरलो असतो तर दर सोमवारी मी करायचं काय?

तेवढ्यात दिपक टेम्पो घेऊन आला. मागे अकरा माणसं, ट्रक ड्रायव्हर, क्लीनर, एक धाब्याचा आचारी. घुसखोर! गोंधळ घालायला आणले असणार. पण शांत बसले, दोघं झोपले. नियमात झोपलेला मोजू नये असं कुठे म्हटलेलं नाही. एकूण चोपन्न.

मी उभा राहून समजावत होतो. टायर सगळ्यात महत्त्वाचे, टायरवर लक्ष ठेवा. पेट्रोल वाचवणारा शेवटी पुढे जातो. धोक्याचा पिवळा झेंडा आला की सगळे एकदम आत जातात, शहाणा बाहेर थांबतो. सगळे भराभरा लिहून घेत होते. एकजण म्हणाला, सर थेट नाव सांगत नाहीत, इशाऱ्यात सांगतात, म्हणूनच मोठे आहेत. माझे डोळे भरून आले. पडद्याकडे मात्र कोणी फारसं बघत नव्हतं. ऐकून समजणारी माणसं आहेत.

चहा झाल्यावर पाच मिनिटांत हॉल रिकामा. शेवटपर्यंत पडद्याकडे बघत बसली ती एकटी बुधीबाई. तिने विचारलं, शेट, येवढं पेट्रोल जाळून फिरून फिरून ही लोकं घरी कवा जातील. उत्तर देणार होतो, पण दिपकने पुढे येऊन हात मिळवला. म्हणाला, चोपन्न, मी मोजले, हरलो बाबा. हसत होता. हरणारा माणूस इतका हसतो?

२६ मार्च, बुधवार

सुनिल मास्तरांचा मेसेज, सर, टायर घेतला आणि लगेच पडला. मी विचारलं, कुठल्या वळणावर. पुढे गाडी नीट चालवत चला असंही लिहिलं.

अर्ध्या तासात ते दुकानात हजर. चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. एकेक शब्द सुटा करून विचारलं की तुम्ही शेअरमधलेच ना. मी मशीनचं झाकण उघडून परत लावलं. मागे दक्षा चिकूच्या फोडी करत बसली होती. ती म्हणाली, मने बधी खबर हती, म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मात्र मला समजलं.

रात्री जेवेपर्यंत ग्रुपवर तीन जण उरले. मी, माझा दुसरा नंबर, आणि वापीला सजवलेली गाडी हवी होती ती बाई.

चोपन्नातला एकही खरा नव्हता. दिपकला हे कळता कामा नये. जीव गेला तरी नाही.

३१ मार्च, सोमवार

रेस लंबगोलावर, उत्कृष्ट. दिपकला फोन करून मुद्दाम म्हणालो, रोड कोर्सवर असं शेवटच्या लॅपला कधी घडेल का. तो म्हणाला, मी काही बोलणार नाही, शब्द दिलाय. मी म्हटलं, थोडं बोल, आजच्यापुरतं. म्हणाला, नाही, तू जिंकलास. मग विचारलं, काल पाडव्याला श्रीखंड घरचं होतं की विकतचं. आमचं बोलणं दोन मिनिटांत संपलं.

दुकानात फार शांत वाटलं. मशीनचा आवाज होता तेवढाच. सूड घेतोय माझ्यावर, दुसरं काय.

७ एप्रिल, सोमवार

सहन झालं नाही. दुकान दक्षाकडे सोपवून अच्छाडला गेलो. दिपक उकिडवा बसून ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी सगळं सांगून टाकलं. ते बेचाळीस शेअरवाले होते, बुधीबाई चहाला आली होती, मी हरलोय, तेव्हा तू आता परत बोलायला लाग.

तो म्हणाला, माहीत आहे रे. दक्षावहिनींनी आधीच सांगितलं होतं. कमी पडतील म्हणून तर टेम्पो भरून आणला.

मी म्हटलं, स्वतः हरायला?

त्याने ट्यूब पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाला, मी कधी एकही रेस पाहिली नाही नविन. सहा वर्षांपूर्वी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलो होतो. तू मोबाईलवर बघत होतास. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की या गाड्या उजवीकडे वळतच नाहीत का. तू मशीन बंद केलंस आणि तासभर भांडलास. इतका खूश दिसत होतास की खरं सांगवलं नाही. मग दर सोमवारी तुझा फोन. बायको चिडवायची, आला तुझा रेसवाला. पैजेत कोणीही जिंकलं तरी विषय बंद होणार होता, आणि तू जिंकलेला बरा.

मी विचारलं, म्हणजे तू रोड कोर्सवाला नाहीस. तो म्हणाला, मला त्या दोघांतला फरक तूच सांगितलास.

त्याने दुकानातल्या पोराकडून नाही, स्वतः उठून धाब्यावरून चहा आणला. खूप वाईट वाटलं मला. सहा वर्षं मी या माणसावर संशय घेतला, आणि जे खरं होतं ते सोडून बाकी सगळ्याचा घेतला. निघताना त्याने विचारलं, सोमवारी फोन करशील ना. मी म्हटलं, कशाबद्दल बोलायचं. तो म्हणाला, कशाबद्दलही.

१४ एप्रिल, सोमवार

नवीन रेस नव्हती माझ्या मोबाईलवर, डेटा संपलेला. ३ मार्चची अर्धी सोडलेली रोड कोर्सची रेस सेव्ह होती, ती पुढे लावली. शेवटची वीस मिनिटं श्वास रोखून बघितली. उजव्या वळणावर त्या तिसऱ्या गाडीने आतून जे काढलं ते लंबगोलावर होणं शक्यच नाही. सहा वर्षं मी चुकीच्या बाजूने भांडत होतो.

दिपकला फोन लावला. कैरीच्या लोणच्याबद्दल बोललो.