‘वर्क्स’वर मारलेली फुली

कोल्हापूर, शुक्रवार

आईस, स्वप्नालीचा नमस्कार.

मी बरी हाय, मेसचं जेवणबी बरं हाय. डोकं तेवढं तापलंय.

परवा इंग्रजीच्या क्लासात सरांनी आईवर एक वाक्य लिहायला सांगितलं. मी फळ्यावर लिहिलं, ‘माय मदर वर्क्स इन द फील्ड.’ सरांनी ‘वर्क्स’वर फुली मारली आणि ‘इज वर्किंग’ केलं.

मी म्हटलं, “सर, रोजचं काम असलं की वर्क्स. इज वर्किंग म्हणजे आत्ता या घडीला चाललेलं.”

तर म्हणाले, “भाताच्या चिखलातनं आलेल्यांनी मला शिकवायचं न्हाय.” सगळा वर्ग हसला.

आई, मला लई राग आला. त्याच रागात डस्टर घेऊन त्यांचं पुसलं आणि माझं वाक्य परत मोठ्या अक्षरात लिहिलं.

आता माफी मागितल्याबिगर वर्गात घेणार न्हाईत. मी मागणार न्हाय. पुढच्या महिन्यात नर्सिंगची मुलाखत हाय, तयारी खोलीवरच चाललीय. काल शेजारच्या बाकावरची आदिती आली, म्हणाली, “आम्ही हसायला नको होतं. मलाबी शिकव की.”

तात्यांना सांगू नको, लगेच यष्टी धरून येतील. तुझा गुडघा कसा हाय? लावणीला बायका मिळाल्या का?

राग उतरला की फोन करीन. आत्ता केला तर रडू येईल.

तुझीच,
स्वप्नाली