वासराच्या वाटणीचा चीक

छ. संभाजीनगर
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पिशोरच्या गाडीच्या कंडक्टरनं खरवसाचा डबा हातात दिला तेव्हा तुझ्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटला. संध्याकाळी तुझ्या लेकाचा, इंद्रजीतचा फोन आला, की गाईला झालेली कालवड पाचव्या दिवशी हगवणीनं गेली. तुला फोन लावला तर रेंज नाही म्हणून ठेवलास. म्हणून रिकाम्या डब्यातून हे पत्र पाठवते. डबा तर उघडशीलच.

आई, मी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते, तरी खाताना मला सुचलं नाही याची लाज वाटते. चिकाला विरजण लागत नाही, नुसती वाफ दिली की तो घट्ट होतो, कारण त्यात प्रथिनं दाट असतात. त्यातलीच काही रोगाशी लढणारी. माणसाच्या बाळाला ती थोडीफार पोटातच मिळतात, वासराला तीही नाहीत. पहिल्या काही तासांत ते चीक प्यायलं तरच ती त्याच्या अंगात उतरतात, दुसऱ्या दिवशी वाट बंद. आणि तुम्ही गाईची वार पडेपर्यंत कालवड बांधून ठेवलीत, पहिला चीक पातेल्यात काढलात. तिची राखण आम्ही वेलची घालून खाल्ली.

आता तुझ्या सुनेचे, सोनियाचे दिवस भरत आलेत. पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं, तीन दिवस बाळाला गुळाचं पाणी द्यायचं, असं कडूबाई आत्यांनी तिला आत्ताच बजावलंय म्हणे. माझ्या भाचराच्या बाबतीत हे झालं तर मी घराची पायरी चढणार नाही.

रागानं लिहिलं, माया तेवढीच आहे.
तुझी विशाखा

पिशोर
७ नोव्हेंबर

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा डोकं तापलं. शहाणीबाई, डबा चाटूनपुसून, धुऊन पाठवलास आणि वर त्यातच शिव्या? गाय गाभण आहे कळल्यापासून खरवस कधी, खरवस कधी म्हणून कुणी टुमणं लावलं होतं? खाणारी तू आणि पाप माझं, व्हय?

वार पडायच्या आधी पाजू नये हे काय मी काढलं? सगळं गाव तसंच करतं. तुझ्या आत्याची पंच्याहत्तरी उलटली, थोरल्या बहिणीचा शब्द तुझे बाबा मोडत नाहीत, तिथं मी कोण? तुलाही गुळाचंच पाणी पाजलं होतं. जगलीस ना? भांडण्याइतकी तर जगलीस.

आणि पोरी, तुझ्या आधी मला एक मुलगा झाला होता. आठ दिवसांत गेला. त्याच्या वाटणीचा चीक मी माझ्या हातानं राखेत पिळला होता. तुझं पत्र आल्यापासून घास उतरत नाही. पुन्हा असं काही लिहू नको.

तब्येतीला जप. भांडायला तरी ये.
तुझी आई, पारूबाई

छ. संभाजीनगर
१० नोव्हेंबर

आदरणीय आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून अर्धी रजा टाकून घरी आले आणि खूप रडले. तो त्यामुळंच गेला असं कुणालाच म्हणता येणार नाही. तुझा दोष तर नाहीच, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आता मी सांगितलंय.

माझा राग रीतीवर आहे. आजीची दोन लेकरं गेली म्हणून आत्यांचं नाव कडूबाई. पुढं आणखी एक गेलं म्हणून बाबांचं नाव कचरू. लेकरू कडू आहे, कचरा आहे असं सांगून मरणाला फसवायचं, आणि खरं राखणारं दूध मातीत सांडायचं! ते नाव जन्मभर वागवून आत्या पुन्हा तेच सांगतात, याची मला चीड येते. पहिल्या तासात बाळाला सोनियाच्या अंगावर पाज. दुसरं काही मागत नाही.

चुकलं असेल तर पोटात घाल.
तुझी विशाखा

पिशोर
२४ नोव्हेंबर

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तालुक्याला, कन्नडच्या दवाखान्यात सोनियाला मुलगा झाला, हे तुला फोनवर कळलंच. पुढचं फोनवर सांगवलं नाही.

नर्सबाई अंगावर पाजायला सांगून गेली. तिची पाठ वळताच तुझ्या आत्यानं पिशवीतून गुळाच्या पाण्याची बाटली काढली. सोनिया माझ्याकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांत मी आत्यापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या दिवशी लई ओरडले. तुमचं नाव कडूबाई का ठेवलं ते ठाऊक असेल तर बाटली खाली ठेवा, म्हटलं. तुझे बाबा मला गप्प करायला उठले, तर त्यांनाही म्हटलं, की कचरूराव, तुम्हीपण ऐका.

बाळ चीक प्यायलं. आत्या बाकावर बसून बघत होती. जरा वेळानं तिनं मला हळूच विचारलं, की तुझ्या पहिल्याला गुळपाणी मीच पाजलं होतं ना. मी नाय म्हटलं नाही. मग आम्ही दोघी रडलो.

नाव ठेवायचा मान बाळाच्या आत्याचा, म्हणजे आता तुझा. माझ्या पहिल्यासाठी तुझ्या आत्यानं सुमेध ठरवलं होतं, पण तो बारशापर्यंत राहिला नाही. ते नाव तिनं इतकी वर्षं कुणाला दिलं नव्हतं, आता तुझ्या हवाली केलंय. रविवारी बारसं आहे. तू ये आणि त्याच्या कानात सांग.

खरवस मागू नको. दुसरी गाय काल व्याली, वासरू पोटभर प्यायलं.

वाट बघतो आहोत, आत्यासुद्धा.
तुझी आई