गोळी बरोबर जागी बसली

पुणे

प्रिय रत्ना,

फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी लागू पडली, रिपोर्ट चांगला आला!

डॉक्टरबाईंना विचारलं, "माझ्या रक्तात बिघडलं तरी काय होतं?"

त्या म्हणाल्या, "पेशीतलं प्रथिन ठरावीक जोडीदारालाच धरून 'वाढ' असा निरोप देतं, मग सोडतं. तुमच्यात दोन प्रथिनं जुळून एकच झाली आणि निरोप थांबेचना. ही गोळी नेमकी त्याच प्रथिनाच्या खाचेत बसते, तेव्हा ते गप्प होतं."

गोळी मात्र बरीच वर्षं घ्यायचीय. पायात गोळे येतात, पण चालतो मी.

आपली मेघा रोज शाळेत जाते ना? मायला तिच्याच बोलीत सांग, आता बठ्ठं बरं शे, सगळं ठीक आहे.

पुढच्या रविवारी साक्रीला पोचतो. स्टँडवर एकटीच ये. घरी जाण्याआधी मला थोडं रडून घ्यायचंय.

तुझाच,
कुंदन