समुद्राला विहिरीचं पाणी

१८ ऑक्टोबर २००४
पाणी बदललं की नायट्रेट कमी व्हायला हवं. मग वाढतं का? माहीत नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि माहीत नाही.
मुलाणीचाचा जहाजावर इंजिनात नोकरी करून भोरला परतले ते समुद्राची हौस घेऊनच. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी, जिवंत प्रवाळ, दोन केशरी मासे. चाचांचे हात थरथरतात, म्हणून पाणी तपासणं-बदलणं माझ्याकडे. शिक्षणाचा उपयोग होईल असं पहिलंच काम. आज तपासणीच्या किटवर नायट्रेट ४०. प्रवाळ मिटून बसलंय.
चाचा : "ईदपर्यंत वीसच्या खाली आण, केमिस्ट. नाहीतर टाकी मुंबईच्या दोस्ताला देतो. माझ्या डोळ्यांदेखत मरायला नको."

२० ऑक्टो.
गुन्हेगार सापडला. चाची! प्रत्येक नमाजानंतर माशांना एक चिमूट. उरलेलं खाणं कुजतं, त्याचंच नायट्रेट होतं, हे समजावलं.
"रोजा मी धरलाय, त्यांनी नाही. काचेला तोंड लावून बघतात गं. दारात आलेल्याला उपाशी ठेवू?"
दारात आले नाहीत, विकत आणलेत, म्हटलं.
"मग तर घरचेच की."

२३ ऑक्टो.
माशांच्या खाण्याचा डबा आता माझ्या पिशवीत. रोज घरी नेते, रोज परत आणते.
आज आईनं डबा उघडला. आत सुकवलेली बारीक कोळंबी. सुकट समजून अर्धा डबा वांग्यात घातला. आण्णा दोनदा मागून जेवले. मी जेवले नाही.

२७ ऑक्टो.
मासे जवळजवळ उपाशी. तरी ६०.
नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून समुद्री मीठ कालवायला आमच्या वाडीच्या विहिरीचं पाणी नेते. कल्पना माझीच. दोन कॅन, एस्टीनं, आता आठवड्यातून तीनदा. कंडक्टर म्हणाला, "ताई, भोरात समुद्र भरताय काय?" हो म्हटलं. चिडला.

३१ ऑक्टो.
८०. नळीतलं पाणी लालभडक. चाची : "कट छान आलाय."
चाचांनी माझ्या कॅनकडे बघितलं. मग म्हणाले, "बॉयलरमधे खार धरला की आम्ही आधी आत जाणारं पाणी तपासायचो."
कॅनमधलं तपासलं. टाकीपेक्षा लाल.
अकरा दिवस त्या बाईला बोल लावला, आणि आठवड्यातून तीनदा कॅन भरून नायट्रेट ओतत होते मी. किटमधे आता पाचच तपासण्यांपुरते थेंब. नवं मुंबईहून येणार, तेही ईदनंतर.

१ नोव्हें.
विहिरीच्या वरच्या अंगाला आमचे टोमॅटो. युरिया पोत्यानं. ती लाल नळी आण्णांना दाखवली.
"आपल्या हिरीचं पानी म्हंजी अमृत. तुजं आजं नव्वदीपत्तूर जगलं."
"तेव्हा युरिया होता का?"
"तवा टमाटं बी न्हवतं."

वहिनीचं बाळ अडीच महिन्यांचं, वरच्या दुधावर. पावडर याच पाण्यात कालवतात. एवढ्या लहान बाळाला हे वाईट, पुस्तकात स्पष्ट आहे. आई म्हणाली, "उकळून घेतो की." उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटलं तर आणखी वाढतं. एवढं तरी मला माहीत आहे.

४ नोव्हें.
चाचींची माफी मागितली, डबा परत केला. "अर्धाच कसा?" वांग्याचं सांगावं लागलं. "रोज्यात हसवू नकोस गं, घसा सुकतो." दिवसातून एकदा, एकच चिमूट असं ठरलं. चाचींची चिमूट मोठी आहे.
चाचांनी हायवेवरच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मागवलं. त्यात काहीच नसतं. घरी सांगितलं तर आण्णा, "मासं आता सेलवर चालनार व्हय?"

९ नोव्हें.
निम्मं पाणी बदललं. ४०! प्रवाळाची एक कड उघडली. चाचा खुर्ची ओढून समोर बसले ते उठेचनात. चार तपासण्या उरल्या.
घरी बाळाच्या पाण्यावरून रोज वाद. आज आण्णा म्हणाले, "मंग वाडीत कुनाची हिर चांगली ती तरी सांग. तितनं आनू." बरोबर आहे त्यांचं. पण तपासल्याशिवाय सांगू कशी?

१२ नोव्हें.
परत थोडं पाणी बदललं. चाचा : "आज मोजू नकोस. ईदच्या सकाळीच बघू. थेंब जपून ठेव." ईद परवा नाहीतर तेरवा, चंद्रावर आहे.
आज लक्ष्मीपूजन. किट घरी आणलंय. का आणलं, ते चाचांना सांगितलेलं नाही.

१३ नोव्हें.
सकाळी आण्णांना घेऊन वाडीभर फिरले. चुलत्यांची विहीर : लाल. देवळामागची : लाल. शाळेचा हापसा : केशरी. उरलेले थेंब वर धनगरवाड्याच्या झऱ्याला घातले. पाच मिनिटं थांबलो. पिवळंच राहिलं.
आण्णा : "रंगच न्हाई आला. बिगाडलं काय?"
"न्हाई आण्णा. हेच चांगलं."
त्यांनी कळशी बुडवली. अर्ध्या तासाची चढण आहे, रोज कोण चढणार? भरली कळशी खांद्यावर घेऊन ते पुढे उतरायला लागले. बाळाची बाटली त्याच पाण्यात कालवली. बाळानं सगळी संपवली.
दुपारच्या एस्टीनं भोरला जाऊन किटची रिकामी बाटली चाचांच्या हातात दिली. कशाला संपवली तेही सांगितलं. चाचा : "मग ईदला थेंबांऐवजी प्रवाळालाच विचारू, केमिस्ट; ते उघडलं तर टाकी इथंच."